उलुरू : एका दगडाचे नाव
(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



संस्थेच्या कार्यकर्त्यांनी मला विषय दिला, ‘जगातील निसर्गाची आश्चर्ये’. विषय ऐकून आनंद झाला आणि घामही फुटला. तासाभरात सारे जग फिरवून आणायचे म्हणजे यात्रा कंपनीच्या बससारखी गत. उतरा, फोटो काढा, चढा! नायगारा आला, नायगारा गेला. हाती काय लागते? म्हणून मी आज एकाच ठिकाणी तुम्हाला नेणार आहे आणि तिथेच थांबवणार आहे. हे ठिकाण मी स्वतः पाहिलेले नाही, हे आधीच कबूल करतो. पण त्याचे माझ्यावर एक जुने कर्ज आहे.

मी तीस वर्षे भूगोल शिकवला. १९८६-८७ चे वर्ष असेल. सातवीचा वर्ग होता. फळ्यावर ऑस्ट्रेलियाचा नकाशा टांगला होता आणि त्याच्या बरोबर मध्यावर छडी टेकवून मी सांगत होतो, “हा एअर्स रॉक. जगातला सर्वांत मोठा एकसंध खडक. १८७३ साली गॉस नावाच्या इंग्रजाने याचा शोध लावला.” मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “गुरुजी, शोध लागायच्या आधी त्याला काय म्हणत होते?” मी म्हणालो, “काही नाही. तिथे वाळवंट आहे. बस खाली.”

ती बसली. मी पुढचा धडा घेतला. त्या तासाला मी जे जे सांगितले, त्यात किती चुका होत्या हे कळायला मला बरीच वर्षे लागली. त्या चुकाच आज तुमच्यापुढे एकेक करून सोडवायच्या आहेत.

आधी दगड पाहू. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी ॲलिस स्प्रिंग्ज नावाचे गाव आहे. तिथून मोटारीने साडेचारशे किलोमीटर गेले की तांबड्या वाळूच्या सपाट माळावर तो एकटा उभा दिसतो. माळापासून उंची ३४८ मीटर. आपला कुतुबमिनार ७३ मीटरचा. म्हणजे जवळजवळ पाच कुतुबमिनार एकावर एक ठेवा. पायथ्याचा घेर ९.४ किलोमीटर. दुरून पाहिले तर गुळाची ढेप पालथी घातल्यासारखा गुळगुळीत दिसतो. जवळ गेले की त्याच्या अंगावर बरगड्यांसारख्या रेषा, खळगे, गुहा, आणि पावसाचे पाणी जिथून उतरते तिथे काळसर पट्टे दिसू लागतात.

हा आला कुठून? सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वी या भागाच्या नैर्ऋत्येला उंच पर्वत होते. तेव्हा जमिनीवर झाडझाडोरा नव्हताच. उघड्या डोंगरावर पाऊस कोसळे आणि वाळूचे, गोट्यांचे लोंढे खाली येत. त्या गाळाचे जाड पंखे पायथ्याशी पसरले. एका पंख्यात मुख्यतः भरड वाळू होती, तिचा झाला उलुरूचा खडक. दुसऱ्यात मोठे गोटे होते, त्यांचा झाला पश्चिमेला सुमारे ३० किलोमीटरवरचा काटा जुटा. त्या नावाचा अर्थ ‘पुष्कळ डोकी’, आणि खरोखरच तिथे ३६ घुमट आहेत. पुढे यावर समुद्र आला. समुद्राच्या गाळाच्या वजनाने खालची वाळू घट्ट होऊन दगड बनली. मग ४० ते ३० कोटी वर्षांपूर्वीच्या काळात भूकवच दाबले गेले, वाकले, आणि हे थर उचलले गेले.

इथे मुलांनी लक्ष द्यावे. आपल्या सह्याद्रीत घाट चढताना कड्यावर आडव्या पट्ट्या दिसतात ना? ते लाव्हाचे थर आहेत, एकावर एक पसरलेले. वह्यांची चळत टेबलावर ठेवावी तसे. उलुरूचे थर आडवे नाहीत, जवळजवळ उभे आहेत. तीच चळत कपाटात पुस्तकांसारखी उभी लावली म्हणजे उलुरू. अंगावरच्या त्या उभ्या बरगड्या म्हणजे थरांच्या कडा. आणि वयाचे म्हणाल, तर आपला दख्खनचा काळा पत्थर साडेसहा कोटी वर्षांचा. उलुरूपुढे कालचे पोर!

आजूबाजूचा मऊ खडक झिजून गेला, हा कठीण खडक उरला. भूगोलात अशा टेकडीला द्वीपगिरी म्हणतात. म्हणजे समुद्रात बेट तसा माळावर गिरी. पण तो माळावर ठेवलेला धोंडा नव्हे. त्याचा फार मोठा भाग अजून जमिनीखाली आहे, आपल्याला दिसते ते टोक. ‘सर्वांत मोठा एकसंध खडक’ ही माझी पहिली चूक. पश्चिम ऑस्ट्रेलियातला माउंट ऑगस्टस याहून मोठा आहे. रंगाचेही तसेच. उलुरू मुळात करड्या रंगाचा. खडकात लोह आहे, ते हवापाण्याने गंजते, म्हणून वरची कातडी तांबडी. सकाळ-संध्याकाळी तिरपे ऊन पडले की हाच गंज निखाऱ्यासारखा पेटतो. जगभरातले लोक तो क्षण बघायला जातात.

आता माणसांकडे येऊ. १८७३ च्या जुलै महिन्यात विल्यम गॉस उंटांचा तांडा घेऊन तिथे पोहोचला. दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या सरकारने त्याला पश्चिम किनाऱ्याकडे जाणारी वाट शोधायला पाठवले होते. त्याने दगड पाहिला, आणि वसाहतीचे मुख्य सचिव सर हेन्री एअर्स यांचे नाव त्याला देऊन टाकले. वरिष्ठाला खूश करण्याचा हा प्रकार आपल्या कचेऱ्यांतून अपरिचित नाही! काटा जुटाचेही तेच झाले. अर्नेस्ट जाइल्स याने १८७२ साली ते घुमट लांबून पाहिले. त्यातला सर्वांत उंच घुमट युरोपातल्या ओल्गा राणीच्या नावाने माउंट ओल्गा झाला. तिने ते कधी पाहिलेही नाहीत.

गॉस दगडावर चढला तेव्हा त्याच्याबरोबर कामरान नावाचा उंटवाला होता. ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातले प्रवास उंटांशिवाय होत नसत, आणि उंट सांभाळणारी माणसे अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब या भागांतून नेलेली असत. तिकडे सगळ्यांनाच सरसकट ‘अफगाण’ म्हणत. गॉसच्या रोजनिशीत नोंद आहे की त्याच्या पायाला फोड आले होते आणि हा कामरान अनवाणी आरामात चालत होता. शाळेच्या पुस्तकात मी गॉस वाचला, कामरान नाही.

आणि ज्यांचा तो दगड, ते? मध्य ऑस्ट्रेलियात माणूस किमान तीस हजार वर्षे राहतो आहे, असे उत्खननातले पुरावे सांगतात. उलुरूभोवती राहणारे लोक स्वतःला अनांगू म्हणतात. त्या शब्दाचा अर्थच ‘माणसे’. त्यांच्या भाषा पिट्जंजारा आणि यांकुनजाजारा. दगडाला ते उलुरू म्हणत आले. या शब्दाचा निराळा अर्थ नाही, ते विशेषनाम आहे. काही कुटुंबांचे तेच आडनावही आहे. माझ्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाचे उत्तर इतके साधे होते.

वाळवंट म्हणजे रिकामे, ही माझी दुसरी चूक. वर्षाला सुमारे ३०० मिलिमीटर पाऊस. तोही एखाद्या वर्षी धो धो, एखाद्या वर्षी नाहीच. अशा ठिकाणी जगायचे तर पाणी कुठे मुरते, कोणते कंद कधी खणायचे, कोणते गवत कधी पेटवायचे, हे पाठ असावे लागते. अनांगूंचे हे ज्ञान जुकुर्पा नावाच्या त्यांच्या परंपरेत आहे. इंग्रजीत तिला ‘स्वप्नकाळ’ वगैरे नावे दिली गेली. अनांगू स्वतः तिला कायदा म्हणतात. कोणी कोणाशी कसे वागायचे, कोणती जागा कोणी सांभाळायची, हे सारे त्यात आले. उलुरूच्या पायथ्याशी मुटिजुलू नावाचा पाणवठा आहे. तिथे कुनिया नावाची अजगरबाई आणि लिरू हा विषारी साप यांची लढाई झाली. तिच्या भाच्याला लिरूंनी मारले, म्हणून ती संतापून आली आणि तिने लिरूला दोन घाव घातले. ते घाव आजही खडकावर भेगांच्या रूपाने दाखवले जातात. गोष्ट ऐकणाऱ्या पोराला पाणवठाही पाठ होतो आणि नात्यातल्या माणसाची जबाबदारीही. सगळ्याच गोष्टी ते बाहेरच्यांना सांगत नाहीत. काही बायकांच्या, काही पुरुषांच्या, आणि काही जागांचे छायाचित्र घेऊ नये असे फलकही लावलेले आहेत.

गवत पेटवण्याचे उदाहरण सांगतो, कारण ते मला फार बोलके वाटते. अनांगू थंडीच्या दिवसांत छोटे छोटे तुकडे जाळत. त्याने नवे गवत येई, आणि मोठा वणवा पसरायला सलग इंधन उरत नसे. लोक हुसकले गेले, ही पद्धत मोडली, गवत साचत गेले. १९७६ मध्ये उद्यानाचा मोठा भाग एकाच वर्षी जळाला. त्यानंतर शास्त्रज्ञांनी अनांगूंकडूनच ती रीत समजून घेतली, आणि आज उद्यानात तसेच तुकड्या-तुकड्यांनी गवत जाळतात.

लोक हुसकले गेले, असे मी म्हणालो. ते कसे, हेही सांगायला हवे. १९२० साली हा प्रदेश मूळ रहिवाशांसाठी राखीव ठेवला होता, कागदावर. १९३४ मध्ये एक पोलीस शिपाई काही फरारी अनांगूंचा पाठलाग करत मुटिजुलूच्या पाणवठ्याशी आला, आणि गुहेत लपलेल्या योकुनुन्ना नावाच्या माणसाला त्याने गोळी घातली. पुढच्या वर्षी चौकशी झाली, शिपाई सुटला. मृताची कवटी मात्र अॅडलेडला नेऊन ठेवली गेली. त्याचा भाऊ पॅडी उलुरू तिथून निसटला आणि पुढची कित्येक वर्षे या दगडाकडे फिरकू शकला नाही. योकुनुन्नाचे अवशेष त्याच्या माणसांकडे परत आले २०२२ साली. अठ्ठ्याऐंशी वर्षांनी!

पुढे पर्यटक येऊ लागले. १९५८ मध्ये राखीव प्रदेशातून हा तुकडा कापून राष्ट्रीय उद्यान केले. १९६४ साली दगडावर चढायला लोखंडी खांब ठोकून साखळी लावली. ज्या वाटेने ती साखळी गेली, ती अनांगूंच्या परंपरेत माला लोकांच्या विधीची वाट. त्यावर ते स्वतः चढत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या संविधानात १९६७ पर्यंत एक कलम होते की लोकसंख्या मोजताना मूळ रहिवाशांना धरायचे नाही. त्या वर्षीच्या सार्वमतात नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांनी ते काढून टाकले. म्हणजे साखळी ठोकली गेली तेव्हा दगडाची माणसे देशाच्या मोजणीतही नव्हती.

१९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी जमीन हक्काचा कायदा झाला. अनांगूंनी दावा लावला. १९७९ च्या निकालात गंमत पाहा. मूळ मालक तुम्हीच, हे मान्य. पण उद्यानाची जमीन मागता येणार नाही, कारण ती सरकारने आधीच उद्यान केली आहे! पॅडी उलुरू त्याच वर्षी वारला.

मध्येच १९८० चा एक प्रसंग येतो. तो पर्यटकांच्या छावणीतला आहे, पण मी टाळू शकत नाही. ऑगस्टच्या एका रात्री, उलुरूच्या पायथ्याशी उतरलेल्या एका कुटुंबाची नऊ आठवड्यांची मुलगी तंबूतून नाहीशी झाली. तिची आई, लिंडी चेंबरलेन, म्हणाली, डिंगोने नेली. डिंगो म्हणजे तिकडचा रानकुत्रा. माग काढणारे अनांगू वाळूतल्या खुणा वाचत गेले आणि त्यांनाही तेच दिसले. पण खटल्यात त्यांच्या वाचनाला वजन मिळाले नाही. प्रयोगशाळेतल्या तज्ज्ञांनी गाडीत रक्त असल्याचे सांगितले, आणि १९८२ मध्ये त्या आईला खुनाबद्दल जन्मठेप झाली. १९८६ मध्ये दगडावरून पडून एक पर्यटक मेला. त्याचे अवशेष शोधताना त्या बाळाचा स्वेटर सापडला. आई सुटली. रक्ताचा पुरावा सदोष ठरला, १९८८ मध्ये शिक्षा रद्द झाली, आणि २०१२ मध्ये अधिकृत निर्णय झाला की डिंगोनेच नेले. वाळूवरची अक्षरे ज्यांना वाचता येत होती, त्यांनी ते पहिल्या रात्रीपासून सांगितले होते.

२६ ऑक्टोबर १९८५ या दिवशी मात्र दगडाच्या पायथ्याशी समारंभ झाला. गव्हर्नर जनरल सर निनियन स्टीफन यांनी मालकीचे कागद अनांगूंच्या हाती दिले. वरून एक विमान विरोधाचा फलक ओढत घिरट्या घालत होते. त्याच समारंभात अनांगूंनी ती जमीन ९९ वर्षांच्या भाड्याने सरकारला उद्यानासाठी परत दिली. तशी अटच होती. उद्यानाच्या मंडळात अनांगूंचे बहुमत ठरले. पण चढाई? पंतप्रधान बॉब हॉक यांनी १९८३ मध्ये ती बंद करण्याचे आश्वासन दिले होते. करारात ती चालूच राहिली.

म्हणजे माझ्या वर्गात ती मुलगी उभी राहिली, तेव्हा हे सारे घडून वर्ष-दीड वर्ष झाले होते. मी मात्र छडी टेकवून हेन्री एअर्सचे नाव सांगत होतो.

चढाईबद्दल थोडे अधिक बोलतो. ती चढण सोपी नव्हती. १९५० च्या दशकापासून तिथे पस्तीसहून अधिक माणसे मेली. कुणी घसरले, कुणाचे हृदय थांबले. आपल्या घरी पाहुणा दगावला की घरच्यांना जे वाटते, ते अनांगूंना वाटे, कारण त्यांच्या कायद्यात पाहुण्याची जबाबदारी यजमानावर. माथ्यावर संडास नव्हता, पाऊस आला की सारी घाण खालच्या पाणवठ्यात. तरी त्यांनी साखळी तोडली नाही. फलक लावला, कृपया चढू नका, हे आमचे घर आहे. नव्वदच्या दशकात चारांतले तिघे पर्यटक तो फलक वाचून पुढे साखळीला हात घालत. एखाद्याला वाटेल, इतकी वर्षे विनंती करत बसायची? मलाही वाटले. पण हळूहळू फरक पडत गेला. २०१० च्या आराखड्यात लिहिले गेले की चढणाऱ्यांचे प्रमाण वीस टक्क्यांखाली गेले तर बंदीचा विचार व्हावा. ते गेले. २०१७ च्या नोव्हेंबरात मंडळाने एकमताने ठराव केला, आणि २६ ऑक्टोबर २०१९ ला, कागद हाती आल्याला बरोबर ३४ वर्षे झाली त्या दिवशी, चढाई बंद झाली. शेवटच्या दिवसांत साखळीपाशी ही मोठी रांग लागली होती. नको म्हटले की माणसाला घाई होते. नंतर साखळीही उपटली.

पर्यटक आटतील, ही भीती होती. पण पायथ्याभोवतीची वाट आहे, तीन-साडेतीन तासांची. अनांगू वाटाडे बरोबर येतात. पाऊस झाला तर माथ्यावरून धबधबे कोसळतात. माला नावाचा ससुल्याएवढा कांगारूचा भाऊबंद या भागातून संपला होता, तो २००५ मध्ये कुंपणाच्या आत पुन्हा आणून वाढवला आहे. आणि एक नवलाची गोष्ट. इथून आठवण म्हणून दगडाचे तुकडे, वाळू खिशात घालून नेलेले लोक ते टपालाने परत पाठवतात, सोबत माफीची चिठ्ठी घालून. उद्यानाच्या कार्यालयात अशा दगडांचा ढीग जमतो. त्यांना नावच पडले आहे, ‘माफीचे दगड’.

सगळे गोड झाले असे समजू नका. २०१७ च्या मे महिन्यात देशभरातले मूळ रहिवाशांचे प्रतिनिधी उलुरूपाशी जमले आणि त्यांनी मागणी केली की संसदेपुढे आमचे म्हणणे मांडणारी एक संस्था संविधानात असावी. २०२३ च्या ऑक्टोबरात त्यावर सार्वमत झाले. सुमारे साठ टक्के लोकांनी ‘नाही’ म्हटले.

माझी ती विद्यार्थिनी आता स्वतः शिक्षिका आहे. दोन वर्षांमागे एका लग्नात भेटली. मी तिला बाजूला घेऊन सांगितले, “बाई, त्याला उलुरू म्हणत होते.” ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, “कशाला, गुरुजी?” तिला तो तास आठवतच नव्हता. मग वरण-भाताच्या पंगतीत बसून मी तिला हे सगळे सांगितले, आज तुम्हाला सांगितले तसेच. फक्त तिथे वाढपी सारखे मध्ये येत होते.

मुलांनो, मागच्या भिंतीवर मी नकाशा लावला आहे. तो जुनाच आहे, छापील नाव एअर्स रॉक असे आहे. जाताना जवळ जाऊन पाहा. काही विचारायचे असेल तर मी चहा होईपर्यंत इथेच आहे.